सावित्रीची पातळी : आकडा कोठून मोजला?

पावसाळा सुरू झाला की रायगड जिल्ह्यातील नद्यांच्या पातळीचे आकडे दररोज प्रसिद्ध होऊ लागतात. महाड येथे सावित्रीची इशारा पातळी ६ मीटर आणि धोका पातळी ६.५० मीटर. नागोठणे येथे अंबा नदीची धोका पातळी ९ मीटर. कर्जतला उल्हास नदीची मात्र ४८.७७ मीटर! हे आकडे एकाखाली एक वाचताना कर्जतची उल्हास महाडच्या सावित्रीपेक्षा सातपट खोल आहे, असा एखाद्याचा समज झाला तर त्यात त्याचा दोष नाही. बातमीत आकडा दिलेला असतो. तो कोठून मोजला, हे दिलेले नसते.

नदीची पातळी म्हणजे पाण्याची खोली नव्हे. ती एका ठरावीक शून्यापासून मोजलेली पाण्याच्या पृष्ठभागाची उंची असते. तो शून्य बदलला की आकडा बदलतो. पाणी मात्र तेथेच असते. सावित्रीच्या बाबतीत हा प्रश्न केवळ पुस्तकी राहत नाही. महाडच्या पश्चिमेस, खाडीपट्ट्यातील तुडीलसारख्या गावांजवळ डोंगरातून उतरणारे पुराचे पाणी आणि समुद्रातून वर चढणारी भरती यांची गाठ पडते. या दोन पाण्यांच्या उंची वेगवेगळ्या शून्यांपासून मोजल्या जातात. त्या एका मापावर आणल्याशिवाय पूर किती चढेल, गाळ किती काढावा, घराचे जोते किती उंच घ्यावे, यांपैकी एकाही प्रश्नाचे विश्वासार्ह उत्तर देता येत नाही.

तीन वेगळे शून्य

पहिला शून्य नदीकाठच्या मोजपट्टीचा. पुलाच्या खांबावर किंवा काठावर आखलेली ही पट्टी आपल्या परिचयाची असते. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट, कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची ४३ फूट, हे आकडे त्या शहरांतील लहान मुलांनाही पाठ असतात. अशा पट्टीचा उपयोग मोठा आहे. आजचे पाणी कालच्यापेक्षा किती वाढले, मागील पुरापेक्षा ते किती कमी आहे, हे ती चटकन सांगते. मात्र एका पट्टीवरील आकड्याची दुसऱ्या पट्टीवरील आकड्याशी तुलना करायची असेल, तर दोन्ही पट्ट्यांचे शून्य एकाच पातळीशी जोडलेले असावे लागतात.

ही जोडणी ज्याच्या आधारे होते तो दुसरा शून्य म्हणजे सरासरी समुद्रसपाटी. कर्जतच्या आकड्यातील ४८ मीटर ही खोली नसून उंची आहे. कर्जत सह्याद्रीच्या पायथ्याशी, समुद्रापासून बरेच आत आणि वर वसलेले आहे, एवढाच त्याचा अर्थ.

तिसरा शून्य बंदरांच्या कामात वापरला जातो. मुंबईत आज ४.८० मीटरची भरती आहे, असे आपण वाचतो तेव्हा ती उंची समुद्रसपाटीपासून मोजलेली नसते. नौकानयनाच्या नकाशांसाठी समुद्राच्या अतिशय खालच्या ओहोटीजवळची पातळी शून्य मानतात, कारण तळ जहाजाला कधी लागेल हे नाविकाला कळायला हवे असते. मुंबईत सरासरी समुद्रसपाटी या नकाशा-शून्याच्या सुमारे अडीच मीटर वर आहे. म्हणजे ४.८० मीटरची भरती प्रत्यक्षात सरासरी समुद्रसपाटीच्या सुमारे २.३० मीटर वर चढते. महाडच्या नदीपातळीशेजारी मुंबईच्या भरतीचा आकडा तसाच मांडून दोहोंची तुलना करणे म्हणूनच चुकीचे ठरते. शिवाय मुंबईहून दक्षिणेकडे जाताना भरती-ओहोटीतील अंतर कमी होत जाते. गोव्यात ते मुंबईच्या मानाने बरेच लहान आहे. त्यामुळे बाणकोटच्या खाडीसाठी मुंबईचा तक्ता जसाच्या तसा वापरता येत नाही.

समुद्रसपाटी ठरली कशी?

समुद्र कधीच स्थिर नसतो. म्हणून त्याची सपाटी पाहून ठरत नाही. ती वर्षानुवर्षांच्या नोंदींच्या सरासरीतून काढावी लागते. भारतीय सर्वेक्षण विभागाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देशभर उंचीमापनाचे जाळे विणले. कराची, मुंबई, कारवार, बेपूर, कोचीन, नागपट्टणम, मद्रास, विशाखापट्टणम आणि फॉल्स पॉइंट या नऊ ठिकाणच्या भरतीमापकांच्या नोंदींवरून सरासरी समुद्रसपाटी निश्चित करण्यात आली आणि १९०९ पर्यंत या जाळ्याची पहिली जुळणी पूर्ण झाली. मुंबईच्या अपोलो बंदरावरील नोंदी १८७८ पासूनच्या असून आशियातील सर्वांत दीर्घ नोंदींमध्ये त्यांची गणना होते.

किनाऱ्यावर ठरलेली ही उंची देशाच्या अंतर्भागात नेण्यासाठी ठिकठिकाणी दगडांवर, पुलांवर आणि जुन्या सरकारी इमारतींच्या पायऱ्यांवर खुणा कोरल्या गेल्या. त्यांना बेंचमार्क म्हणतात. जी.टी.एस. ही अक्षरे कोरलेला असा दगड अनेक जुन्या गावांतून आजही आढळतो. ज्याला त्याचा अर्थ ठाऊक नाही, त्याला तो निरुपयोगी वाटतो. रस्ता रुंद करताना किंवा जुनी इमारत पाडताना तो सहज नाहीसा होतो. त्या दगडाबरोबर त्या परिसराचा शून्यही हरवतो.

उंची मोजण्याची रीत

समतलनाची पद्धत साधी आहे. तिवईवर बसवलेल्या लेव्हल यंत्राची दुर्बीण काटेकोर आडवी ठेवली की तिच्यातून दिसणारी रेषाही आडवी असते. प्रथम बेंचमार्कवर मोजपट्टी, म्हणजे स्टाफ, उभी धरून वाचन घेतात. मग ज्या जागेची उंची हवी तेथे ती उभी धरतात. समजा, बेंचमार्कची उंची ८.२५० मीटर आहे आणि तेथील वाचन १.६३५ मीटर आले. दोहोंची बेरीज ९.८८५ मीटर, ही यंत्राच्या दृष्टिरेषेची उंची. आता पाण्याच्या कडेला ठोकलेल्या खुंटीवर वाचन ३.४१० मीटर आले, तर पाण्याची उंची ६.४७५ मीटर. यंत्र पुढे पुढे नेत हीच बेरीज-वजाबाकी कित्येक किलोमीटर करायची आणि शेवटी पुन्हा माहीत असलेल्या बेंचमार्कवर येऊन हिशेब जुळतो का पाहायचे. अचूक कामात किलोमीटरमधील अंतराच्या वर्गमुळाला १२ ने गुणून येईल तेवढ्याच मिलिमीटरची तफावत चालते. १६ किलोमीटरच्या फेरीत ती सुमारे ५ सेंटिमीटर होते.

ही काटेकोर वृत्ती कशासाठी, हे सावित्रीच्या उतारावरून समजते. महाबळेश्वरच्या माथ्यावर, सुमारे १,३५० मीटर उंचीच्या प्रदेशात उगम पावणारी ही नदी पोलादपूरकडे उतरताना जवळजवळ सगळी उंची गमावते. महाडपासून समुद्रापर्यंत मात्र तिला चाळीस-पन्नास किलोमीटर अंतर जवळजवळ सपाट प्रदेशातून कापायचे असते. कल्पना करा, ४० किलोमीटरमध्ये पाण्याच्या पृष्ठभागाला एकूण तीन मीटरचाच उतार मिळाला. म्हणजे किलोमीटरमागे साडेसात सेंटिमीटर! अशा ठिकाणी उंचीत १५ सेंटिमीटरची चूक झाली, तर कागदावर नदीचा दोन किलोमीटरचा उतारच नाहीसा होतो. घाटातील धरणाच्या जागेसाठी नगण्य असणारी चूक खाडीपट्ट्यात सारा निष्कर्ष फिरवू शकते.

रुंद पात्रापलीकडे उंची नेताना आणखी एक अडचण येते. पृथ्वीची वक्रता आणि हवेतून जाणाऱ्या प्रकाशाचे वळणे यांमुळे एक किलोमीटर अंतरावर वाचनात सुमारे पावणेसात सेंटिमीटरचा फरक पडतो. म्हणून दोन्ही काठांवरून आलटून पालटून वाचने घेऊन त्यांची सरासरी काढतात. त्यामुळे ही चूक परस्पर कटते.

उपग्रहांच्या साहाय्याने आता स्थान काही सेंटिमीटरपर्यंत मिळते. मग एवढा खटाटोप कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. परंतु उपग्रह सांगतो ती उंची पृथ्वीच्या गणिती आकारापासून मोजलेली असते, समुद्रसपाटीपासून नव्हे. मुंबईच्या किनाऱ्यावर या दोहोंत साठ मीटरहून अधिक अंतर आहे. समुद्राकाठी उभ्या असलेल्या माणसाची निव्वळ उपग्रह-उंची म्हणूनच उणे साठच्या पलीकडे येते. ही दुरुस्ती प्रदेशानुसार बदलते आणि ती पडताळण्यासाठी शेवटी जमिनीवरचा बेंचमार्कच लागतो. नवे तंत्र जुन्या दगडाचे काम जलद करते; त्या दगडाची गरज मात्र त्याने संपलेली नाही.

वरचे पाणी, खालचे पाणी

काळ आणि गांधारी या नद्या महाडच्या परिसरात सावित्रीला मिळतात. पुढे दासगाव, तुडील हा खाडीपट्टा आणि मग बाणकोट-हरिहरेश्वराजवळ समुद्र. एके काळी गलबते भरतीच्या जोरावर महाडपर्यंत येत. दासगाव हे तर जुने बंदर. गलबतांना वर आणणारी तीच भरती आज पुराच्या पाण्याला खाली जाऊ देत नाही.

दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, म्हणून भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते, अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. समुद्रमुखाशी भरती आली की खाडीत आत ती काही काळाने पोहोचते. पात्र अरुंद होत जाते तसा तिचा चढही बदलतो. अशा वेळी वरून पूर येत असेल तर पाण्याला पुढे उतार मिळत नाही, ते मागे साचते. यालाच फुगवटा म्हणतात. पाऊस तेवढाच असला, तरी भांगाच्या ओहोटीला आलेला पूर काठाच्या आत राहू शकतो आणि उधाणाच्या भरतीला आलेला पूर बाजारपेठेत शिरू शकतो.

२०२१ च्या जुलैमधील पुराकडे या दृष्टीने पाहावे लागते. २२-२३ जुलैच्या २४ तासांत महाबळेश्वरला सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. महाड शहर पाण्याखाली गेले. २२ जुलैलाच तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि पुरामुळे मदतीला तेथे पोहोचणेही कठीण झाले. २४ जुलैला पौर्णिमा होती. म्हणजे समुद्र उधाणाकडे चालला होता. पुराच्या उंचीत भरतीचा वाटा नेमका किती होता, हे केवळ पंचांगावरून ठरवता येत नाही. महाड, दासगाव, तुडील, बाणकोट अशा ठिकाणांच्या एकाच शून्यावरील तासातासाच्या पातळ्या शेजारी शेजारी मांडल्या, तरच तो वाटा वेगळा काढता येतो.

नदीत पाण्याच्या वरची बाजू दिसते, तळ दिसत नाही. पुरात वेगवान पाणी तळाची माती उपसून नेते आणि पूर ओसरताना पुन्हा गाळ भरते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गावरील १९२८ मध्ये बांधलेला सावित्रीवरील जुना पूल कोसळला. एस.टी.च्या दोन गाड्या आणि अन्य वाहन प्रवाशांसह वाहून गेले. शोध थेट खाडीपर्यंत घ्यावा लागला. नवा पूल जून २०१७ मध्ये खुला झाला. पुलाच्या सुरक्षिततेसाठी पाण्याच्या पातळीइतकीच खांबालगतच्या तळाची पातळीही नियमितपणे मोजणे आवश्यक असते, हा धडा त्या रात्रीनंतर तरी विसरता येणार नाही.

शेत आणि विहीर

पातळीतील बदलाचा परिणाम केवळ पुरापुरता नसतो. कोकणात खाडीकाठची भातशेती मातीच्या बांधांनी, म्हणजे बंदिस्तीने, राखलेली असते. आतील पावसाचे पाणी बाहेर सोडण्यासाठी बांधात उघाडी ठेवतात. ओहोटीला बाहेरचे पाणी खाली गेले की तिची झडप उघडून आतले पाणी निघून जाते. भरतीला बाहेरच्या दाबाने ती मिटते. उघाडीचा उंबरा किती उंचीवर बसवावा, हा समतलनाचाच प्रश्न आहे. उंबरा वर राहिला तर पाणी तुंबून रोपे कुजतात. बाहेरची ओहोटीची पातळीच वर सरकली, तर झडप उघडी राहण्याचा काळ दररोज घटतो. उधाणात बांधाला एकदा खांड पडली आणि खारे पाणी शेतात शिरले, की ती जमीन पुन्हा गोडी व्हायला काही पावसाळे जावे लागतात. राज्यात यासाठी १९७९ चा खारजमीन विकास अधिनियम आहे आणि पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने खारेपणा सहन करणाऱ्या भाताच्या जाती दिल्या आहेत. परंतु सहनशील बियाणे हे बांधाच्या योग्य उंचीला पर्याय ठरू शकत नाही.

उन्हाळ्यात चित्र उलटे होते. नदीचा गोडा प्रवाह रोडावतो आणि खारे पाणी पात्रातून वर सरकते. पात्राचा तळ खोल झाला असेल, तर ते आणखी आत येते. गोड्या पाण्यापेक्षा खारे पाणी जड असल्याने ते तळालगत शिरते. काठावरून पाहणाऱ्याला ते कळत नाही, विहिरीची चव बदलल्यावर कळते.

गाळ काढल्याने पूर उतरेल?

महाडमध्ये पुरानंतर दोन प्रश्न नेहमी चर्चेत येतात. पात्रात साचलेला गाळ व त्यातून झालेली बेटे, ज्यांना तेथे जुटे म्हणतात, ती काढावीत ही एक मागणी. दासगाव येथील रेल्वेच्या भरावामुळे पुराच्या पाण्याला अडथळा होतो, हा दुसरा आक्षेप. २०२१ नंतर गाळ काढण्याची कामे हाती घेण्यात आली.

या दोन्ही प्रश्नांचा निर्णय मतांपेक्षा मोजमापांवर सोपवणे शक्य आहे. एखादा भराव किंवा पूल पाणी अडवत असेल, तर पुराच्या वेळी त्याच्या वरच्या आणि खालच्या बाजूच्या पातळ्यांत ठळक फरक दिसला पाहिजे. दोन्ही बाजूंना एकाच बेंचमार्कशी जोडलेल्या पट्ट्या असल्या आणि पुरात दर तासाला नोंद झाली, तर अडथळा आहे की नाही आणि असल्यास किती सेंटिमीटरचा, हे एका पावसाळ्यात स्पष्ट होऊ शकते. पूर ओसरल्यावर भिंतींवर राहिलेल्या गढूळ पाण्याच्या रेषाही लगेच मोजून ठेवल्या तर या कामी उपयोगी पडतात. रंगसफेदी झाली की तो पुरावा संपतो.

गाळाबाबत एक सूक्ष्म भेद ध्यानात घ्यावा लागतो. जेथे पुराची उंची वरून येणाऱ्या पाण्यावर आणि पात्राच्या आकारावर ठरते, तेथे पात्र मोकळे केल्याने पातळी उतरते. जेथे ती समुद्राच्या भरतीवर ठरते, तेथे तळ कितीही खोदला तरी भरतीची उंची कमी होत नाही. उलट खारे पाणी आत येण्याची वाट मोकळी होऊ शकते. पहिला भाग कोठे संपतो आणि दुसरा कोठे सुरू होतो, हे ठरवण्यासाठी नदीचे आडवे छेद घ्यावे लागतात, म्हणजे ठरावीक अंतरावर एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत तळाच्या उंची मोजाव्या लागतात. गाळ काढण्यापूर्वी, काढल्यानंतर आणि पुढचा पावसाळा सरल्यावर हेच छेद पुन्हा घेतले, तरच काढलेला गाळ परत भरला की नाही हे समजते.

पूररेषांचाही आधार हाच आहे. महाराष्ट्रात निळी पूररेषा साधारणपणे २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुरावरून आणि लाल पूररेषा १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुरावरून आखली जाते. नकाशावरील ही रेषा घर बांधण्याची परवानगी, कर्ज, विमा या सर्वांवर परिणाम करते. तिच्यामागची उंची अर्ध्या मीटरने चुकली, तर सपाट खाडीपट्ट्यात ती रेषा कित्येक घरांच्या अलीकडे किंवा पलीकडे सरकते.

शून्यही सरकतो आहे

या साऱ्यात एक नवी गोष्ट मिळाली आहे. जागतिक सरासरी समुद्रपातळी १९०१ ते २०१८ या काळात सुमारे २० सेंटिमीटरने वाढली आणि २००६ ते २०१८ मध्ये वाढीचा वेग वर्षाला सुमारे ३.७ मिलिमीटर होता, असे हवामानबदलविषयक आंतरसरकारी मंडळाच्या २०२१ च्या अहवालात म्हटले आहे. उत्तर हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवरील दीर्घ नोंदींतून विसाव्या शतकात वर्षाला एक ते पावणेदोन मिलिमीटर वाढ दिसते. आकडे लहान आहेत. पण ज्या पात्रात किलोमीटरमागे काही सेंटिमीटरचाच उतार आहे, तेथे समुद्र एक वीत वर आला तरी त्याचा फुगवटा बराच आत जाणवतो. शंभर वर्षांपूर्वीच्या समुद्रसपाटीवर आधारलेला शून्य आणि आजची प्रत्यक्ष समुद्रपातळी एकच आहेत, असे आता गृहीत धरता येणार नाही.

इजिप्तमध्ये नाईल नदीची पातळी मोजण्यासाठी कैरोजवळ रोडा बेटावर ८६१ मध्ये उभारलेला स्तंभ आजही पाहायला मिळतो. पाणी किती चढले यावरून त्या वर्षीच्या पिकाचा आणि कराचा अंदाज बांधला जाई. खूण एकाच जागी राहिली, म्हणूनच शतकानुशतकांच्या नोंदींची तुलना करता आली.

सावित्रीकाठीही आवश्यक आहे ते एवढेच. महाडपासून बाणकोटपर्यंत ठरावीक ठिकाणी पुरात वाहून न जाणारे बेंचमार्क असावेत. सर्व मोजपट्ट्यांचे शून्य त्यांना जोडलेले असावेत आणि दर पावसाळ्यापूर्वी ते तपासले जावेत. पातळीबरोबरच त्या वेळच्या भरतीची स्थितीही लोकांना सांगितली जावी. पातळीचा आकडा जाहीर करताना तो कोठून मोजला हे एका ओळीत दिले, तर तुडीलच्या रहिवाशाला आपल्या उंबरठ्याची उंची एकदाच मोजून ठेवता येईल. त्यानंतर रात्री नदी किती मीटरवर आहे हे ऐकताच, पाणी दारात येण्यास किती अवकाश आहे आणि घर सोडायचे की नाही, हे त्याला वेळेत ठरवता येईल.